मौनाची काटछाट

शब्द नित्य की अनित्य, हा वाद मीमांसकांनी आणि नैयायिकांनी ज्या चिकाटीने शतकानुशतके लढविला, ती चिकाटी आज आपणांस काहीशी अनाकलनीय वाटते. जैमिनीने मीमांसासूत्रांच्या पहिल्याच अध्यायाच्या पहिल्या पादात पूर्वपक्षाचे आक्षेप एकामागून एक मांडून, त्यांचे खंडन करून शब्दाचे नित्यत्व स्थापिले. गौतमाने न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्याच शब्दाला उत्पत्ती आणि नाश असल्याचे तितक्याच निष्ठेने प्रतिपादिले. आणि पुढे दोन्ही पक्षांच्या भाष्यकारांनी व वार्तिककारांनी या एका प्रश्नावर जेवढी शाई खर्चिली, तेवढी एखाद्या संस्थानाच्या वारसाहक्काच्या दाव्यातही खर्ची पडली नसेल. हा सारा व्यवहार आता विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांपुरता उरला आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एखाद्या प्रवचनाचे जुने ध्वनिमुद्रण संगणकावर उघडून त्यातील खोकला, ठसका आणि अडखळणे काढून टाकण्याचे काम एकदा अंगावर घ्यावे; आपण कोणत्या तरी दर्शनाचा पक्ष नकळत घेऊन बसलो आहो, हे थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानी येईल.

या कामास आता द्रव्य लागत नाही. ध्वनिफितीच्या काळी फीत कापण्यास पाते, ते तिरपे धरण्यास खाच पाडलेला ठोकळा आणि तुकडे सांधण्यास चिकटपट्टी लागे, आणि ही सामग्री व ती हाताळणारा कसबी मनुष्य आकाशवाणी केंद्रासारख्या ठिकाणीच आढळे. आज ‘ऑडिओमास’सारखा विनामूल्य ऑडिओ एडिटर ब्राउझरच्या एका टॅबमध्ये उघडतो, त्याचा कोड कोणासही पाहण्यास खुला आहे, संगणकावर काही बसवून घ्यावे लागत नाही, आणि आपली फाइल परक्या सर्व्हरकडे रवाना न होता आपल्याच यंत्राच्या स्मृतीत राहते. ब्राउझरला हे सामर्थ्य देणारी ‘वेब ऑडिओ’ नामक व्यवस्था २०२१ च्या जून महिन्यात प्रमाणित झाली. ही स्मृती मात्र फारशी उदार नव्हे. उघडलेल्या ध्वनीचा प्रत्येक नमुना चार बाइटांत मांडला जात असल्यामुळे नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, म्हणजे ४५ मिनिटे, मोनो असली तरी सुमारे ४७६ मेगाबाइट जागा अडविते. आणि काम जतन करण्यापूर्वी टॅब मिटला, तर क्षणिकवाद्यांच्या मतास पुष्टी देत ते सारे बहुधा नाहीसे होते.

माझ्या परिचयातील एका देवस्थानाने आपल्या दप्तरातील चातुर्मासाच्या ज्ञानेश्वरी-प्रवचनांच्या जुन्या कॅसेटी अशा रीतीने सुधारून घेण्याची तजवीज केली आणि त्यांतील काही माझ्याकडे आल्या. प्रवचनकार बुवा, सुदैवाने, हयात आहेत. कॅसेटींत बुवांच्या वाणीखेरीज सभामंडपातील पंख्याची घरघर, वळणावर गिअर बदलणारी एसटी, एखाद्या तान्ह्या मुलाचा हट्ट आणि पाणी पिऊन फुलपात्र फरशीवर टेकविल्याचा नाद असा सर्व परिवार नांदत होता. त्यातले काय राहावे आणि काय जावे हे ठरविण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्न पहिल्या कॅसेटीच्या वेळी मला पडला नाही. कळ दाबली की रेषेचा तुकडा नाहीसा होतो आणि पुन्हा दुसरी कळ दाबली की परत येतो, या सोयीने असले प्रश्न पडण्यास फारशी फुरसतच राहत नाही.

प्रथम त्या रेषेविषयी. कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळापासून ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेण्याचा प्रघात पडला आहे. माणसाच्या कानास सुमारे २०,००० आवर्तनांपलीकडचे ऐकू येत नाही, आणि कोणतेही आवर्तन पकडावयाचे तर त्याचे दोनाहून अधिक नमुने हवेत, हे त्यामागील गणित. पडद्यावरील तरंगाकृती अशी अखंड दिसते खरी, परंतु ती पुरेशी मोठी करून पाहिली की तिचे सुटे बिंदू होतात, आणि बिंदूबिंदूंमध्ये काहीही नसते. येथे सौत्रांतिक बौद्धास आनंद व्हावा. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात अहोरात्राचे ३० मुहूर्त, मुहूर्ताचे ३० लव, लवाचे ६० तत्क्षण आणि तत्क्षणाचे १२० क्षण असे कोष्टक दिले आहे. हिशेब केला असता एका सेकंदाचे बरोबर ७५ क्षण भरतात. कॉम्पॅक्ट डिस्कवरील ध्वनीच्या चौकटीही सेकंदाला ७५ च, आणि प्रत्येकीत ५८८ नमुने! हा निव्वळ योगायोग आहे, आणि त्यावरून आमच्या पूर्वजांस सारे ठाऊक होते असे व्याख्यान झोडण्यास उत्सुक असणाऱ्यांस मी येथेच हात जोडतो. परंतु बौद्धांनी जो प्रश्न विचारला तो योगायोगाचा नव्हे: उपजताच नष्ट होणाऱ्या क्षणांची मालिका आपणांस एक अखंड वस्तू का भासते? त्यास त्यांनी संतान म्हटले. ओवी गाताना बुवांचा स्वर आपण सलग ऐकतो, ती सलगता बिंदूंत नाही. ती ऐकणाराने पुरविलेली आहे.

मीमांसकाचा पक्ष याच पडद्यावर अधिक अडचणीत येतो, आणि अधिक रम्यही वाटतो. काल ऐकला तोच हा गकार, अशी प्रत्यभिज्ञा आपणांस होते, तेव्हा वर्ण नित्य आहे आणि उच्चार केवळ त्याचा व्यंजक, असे त्याचे म्हणणे. नैयायिक म्हणतो, हे सादृश्यामुळे होते. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही आपण ती तीच म्हणतो, तसे. बुवांनी एका प्रवचनात ‘माउली’ हा शब्द अनेकदा उच्चारला. त्या प्रत्येक उच्चाराची आकृती मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा कोणत्याही दोन आकृती जुळेनात. एकीत आरंभीचा ‘मा’ लांबलेला, दुसरीत शेवटचा ‘ली’ श्वासात विरलेला. दृष्टी नैयायिकाची साक्ष देते, आणि कान मात्र प्रत्येक वेळी निःशंकपणे मीमांसकाची. या दोहोंत तडजोड वैयाकरणांनी काढली. पतंजलीने महाभाष्यात भेरीचा दाखला दिला: एका आघाताचा नाद कोणी वीस पावले जाईपर्यंत टिकतो, दुसऱ्याचा चाळीस पावलांपर्यंत, गाभा, म्हणजे स्फोट, तोच, लांबी वाढते ती ध्वनीची. भर्तृहरीने त्यापुढे जाऊन ध्वनीचेही प्राकृत आणि वैकृत असे भेद केले, आणि द्रुत-विलंबित हा सारा प्रकार वैकृताच्या खाती टाकला. ऑडिओ एडिटरात स्वराची पट्टी न बदलता गती तेवढी वाढविता येते, आणि तरीही शब्द तोच ओळखू येतो, हे पाहिले असते तर वाक्यपदीयकारास आपल्या सिद्धांताची रुजुवात पटल्यासारखे वाटले असते.

आता या मताचा संपादकास होणारा लाभ उघड आहे. शब्द स्फोटरूप असेल, आणि काटछाट केवळ वैकृत ध्वनीची होत असेल, तर कितीही कात्री चालविली तरी शब्दास धक्का लागत नाही, आणि संपादकाची निर्दोष मुक्तता होते. मला ही मुक्तता फार स्वस्तात मिळालेली वाटते. प्रवचन केवळ शब्दांचे बनलेले असते हे गृहीत धरल्याशिवाय ती मिळत नाही, आणि ते गृहीत चुकीचे आहे, याचा अनुभव पुढल्याच कॅसेटीने दिला.

नवव्या अध्यायावरील प्रवचन. ईश्वर सर्वांभूती आहे असे निरूपण करता करता बुवांनी श्रोत्यांस विचारले की, मग मारणाऱ्याच्या हातातही तोच, आणि मार खाणाऱ्याच्या पाठीतही तोच, याची व्यवस्था कशी लावायची? इतके विचारून बुवा थांबले. आठ-नऊ सेकंद कोणी काही बोलले नाही; पंखा फिरत राहिला, कोठे तरी बांगड्या किणकिणल्या. मग बुवांनी पुढली ओवी म्हटली आणि प्रवचन मार्गी लागले. तरंगाकृतीत हा प्रसंग एक जवळजवळ सपाट रेघ आहे. बहुतेक ऑडिओ एडिटरांत निःशब्द भाग आपोआप आखडून घेण्याची आज्ञा असते: ध्वनीची पातळी अमुक डेसिबलखाली तमुक काळ राहिली की तो अवकाश निकामी समजावा आणि अर्ध्या सेकंदावर आणावा. ही आज्ञा मी चालविली आणि ऐकून पाहिले. बुवांचा एकही शब्द गेला नव्हता, एकही शब्द पुढेमागे झाला नव्हता. परंतु प्रश्नाच्या पाठोपाठ आलेली ओवी आता त्या प्रश्नाचे उत्तर झाली होती. बुवांनी जे उत्तर दिले नाही, देता येत नाही असे त्यांच्या थांबण्याने सांगितले, ते उत्तर यंत्राने त्यांच्या तोंडी घातले, आणि तेही त्यांच्याच आवाजात.

अभावास सातवा पदार्थ मानणाऱ्या वैशेषिकांची अशा वेळी आठवण होते. तर्कसंग्रह वाचलेल्या विद्यार्थ्यासही अभावाचे चार भेद मुखोद्गत असतात: वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा प्रागभाव, तिच्या नाशानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव आणि एक वस्तू दुसरी नव्हे असा अन्योन्याभाव. प्रागभाव अनादि परंतु सांत. प्रध्वंसाभाव सादि परंतु अनंत. पडद्यावरील सपाट रेघेत यांतला कोणताही भेद दिसत नाही. शब्द उमटण्यापूर्वीचे मौन आणि शब्द विरून गेल्यावरचे मौन यंत्राच्या लेखी एकच; श्रोत्याच्या लेखी मात्र एकात अपेक्षा भरलेली, दुसऱ्यात स्मरण. आणि न्यायमताने कोणताही अभाव नुसता अभाव नसतो, तो कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. यंत्रास डेसिबल कळतात, प्रतियोगी कळत नाही. बुवांच्या त्या मौनाचा प्रतियोगी कोणता? न आलेले उत्तर, असे मी म्हणतो. एखादा काटेकोर नैयायिक येथे हरकत घेईल की, जे उत्तर कधी उत्पन्नच झाले नाही त्याचा प्रागभाव कसा मानावा, प्रागभावास प्रतियोगीची पुढील उत्पत्ती अवश्य आहे, तेव्हा हा अत्यंताभावच म्हणावा लागेल. ही हरकत मला मान्य आहे. बुवांच्या प्रामाणिकपणास तोच अधिक शोभतोही.

अभावास आणखी एक गोष्ट लागते, ती अधिकरण. भूतलावर घट नाही, असे आपण म्हणतो तेव्हा भूतल तर दिसतच असते. मौनाचे भूतल म्हणजे तो सभामंडप, तो पंखा, त्या बांगड्या. कसबी ध्वनिसंपादक खोकला काढून टाकल्यावर त्या जागी कोरे शून्य कधी भरत नाहीत. त्याच खोलीतील कोणी बोलत नसतानाचा तुकडा दुसरीकडून उचलून तेथे बसवितात, कारण शुद्ध शून्य कानास असह्य होते: क्षणभर मंडपच नाहीसा झाल्यासारखे, श्रोत्यास आपला कान बंद पडल्यासारखे वाटते. अधिकरणावाचून अभाव संभवत नाही या शास्त्रार्थाची इतकी शारीरिक प्रतीती मला अन्यत्र आलेली नाही. घरघर काढणाऱ्या आज्ञेचेही असेच आहे. केवळ घरघरीचा एक तुकडा नमुना म्हणून तिला दाखवावा, तिने तो ओळखून सर्वत्र वजा करावा, असा तिचा व्यवहार. बेताने केला तर उपकारक, लोभाने केला तर बुवा विहिरीच्या तळातून बोलत आहेत असा भास होतो. छेद कोठे द्यावा याचेही एक शास्त्र आहे: तरंग मध्यरेषेस छेदतो त्याच बिंदूवर कापले नाही, तर सांध्यावर ‘टक्’ असा आगंतुक ध्वनी उपजतो. हे सारे तंत्र अवगत झाले म्हणजे सांधा ऐकूच येत नाही, आणि नेमका तेथेच सत्याचा प्रश्न सुरू होतो.

सत्याची व्याख्या करताना योगसूत्रांवरील व्यासभाष्यात वाणीचे प्रयोजनच दुसऱ्याच्या ठायी आपला बोध पोचविणे हे सांगून, ती फसविणारी, भ्रांत वा निष्फळ नसावी अशी अट घातली आहे. शब्द खरे असणे या अटीस पुरेसे नाही. ऐकणाऱ्याच्या मनात जे उतरले ते बोलणाराच्या मनातले असले पाहिजे. युधिष्ठिराचा दोष हाच. अश्वत्थामा मारला गेला, हे विधान खरे होते. ‘हत्ती’ हा भाग त्याने अस्पष्ट उच्चारला, असे मूळ भारत सांगते. त्या जागी कृष्णाने शंख फुंकल्याची भर पुढील कथनपरंपरेची. परंतु ही भर घालणाऱ्या कीर्तनकारास ध्वनिसंपादनाचे मर्म उमगले होते यात संशय नाही: एक शब्द झाकला की उरलेल्या खऱ्या शब्दांचे असत्य होते. पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी जमिनीस टेकला, आणि व्यासांनी त्याच्या बाजूने कसलीही मखलाशी केली नाही.

न्यायदर्शनात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताच्या उपदेशामुळे, आणि वस्तू जशी पाहिली तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायन म्हणतो. ध्वनिमुद्रणातील प्रवचन ऐकणारा भाविक बुवांस आप्त मानून ऐकतो. तो ज्यास ओळखत नाही, ज्याचे नाव त्याने ऐकलेले नाही, असा दुसरा एक मनुष्य त्या वाणीच्या मध्ये बसलेला आहे. तो आप्त असल्याखेरीज पहिल्याचे आप्तत्व श्रोत्यापर्यंत पोचत नाही. न्यायालयांस हे दर्शनकारांपेक्षा निराळ्या वाटेने उमगले. मुंबईतील एका विधानसभा निवडणुकीच्या वादात, बुखारी विरुद्ध मेहरा या खटल्यात, १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रचारसभांतील भाषणांच्या ध्वनिफिती पुराव्यास आल्या, तेव्हा आवाज कोणाचा हे ओळखले जाणे, मुद्रण अचूक असल्याचे सिद्ध होणे आणि त्यात ढवळाढवळ झाल्याचा संभव निरस्त होणे, या कसोट्या न्यायालयाने लाविल्या. कागदी दस्तऐवजावरील खाडाखोड निदान डोळ्यांस दिसते. विनामूल्य एडिटरात केलेली खाडाखोड पुन्हा निर्यात केली की नव्याकोऱ्या अस्सलासारखी बाहेर पडते.

कोणी म्हणेल, हे सर्व अतिरेकी आहे. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने १९६४ साली जाहीर मैफली सोडल्या, आणि १९६६ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या भवितव्यावरील निबंधात बाखच्या एका फ्यूगची दोन वेगवेगळी वादने फितीच्या सांध्याने जोडून एक केल्याचे त्याने संकोच न बाळगता, उलट अभिमानाने सांगितले. गूल्डचे मला पटते. तेथे वादक आणि संपादक एकच होते, आणि फ्यूग हे कोणाचे साक्ष देणे नव्हते. आपल्याकडे अल्लादिया खाँसाहेबांनी आपले गाणे मुद्रित होऊच दिले नाही. त्या टोकासही मी जाऊ इच्छीत नाही, कारण त्या हट्टाने पुढल्या पिढ्यांचे झालेले नुकसान कोणत्याही तत्त्वाने भरून निघणारे नाही. वेदपाठकांनी तिसरीच वाट काढली. पद, क्रम, जटा, घन या पाठांत त्यांनीही मंत्र कापला, शब्द उलटेसुलटे केले, एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन असे पुनःपुन्हा सांधले. परंतु हा सारा छेद एकही मात्रा हरवू नये म्हणून होता. कापण्याची क्रिया तीच असूनही तिचे प्रयोजन इतके विरुद्ध असू शकते, हे घनपाठी ब्राह्मणाचे म्हणणे ऐकल्यावर पटते.

तयार झालेले मुद्रण मी बुवांस ऐकविले. एके ठिकाणी त्यांनी एक आख्यान भलत्याच पुराणाच्या नावावर सांगितले होते. ते काढावे असे ते म्हणाले, आणि मी बिनतक्रार काढले, कारण आपले विधान मागे घेण्याची मुभा आप्तासच आहे. मग ते आठ-नऊ सेकंद आले. तेही काढा, बुवा म्हणाले, लोकांस वाटेल बुवा विसरले. मी माझी सारी कैफियत त्यांच्यापुढे मांडली, वैशेषिकांसकट. बुवांनी ती शांतपणे ऐकली आणि पुन्हा म्हणाले, काढा. तेव्हा मी सुचविले की अस्सल मुद्रण देवस्थानाच्या दप्तरी जसेच्या तसे राहावे, आणि वाटावयाच्या नकलेसोबत कोठे, किती आणि कोणाच्या इच्छेने कापले याचा शेरा असावा. बुवा हसले. ‘अहो, व्हॉट्सॲपवर फाइल पुढे जाते, तुमचा शेरा मागेच राहतो,’ ते म्हणाले, आणि ते खरेच होते. मग शेरा ध्वनीतच घालू, असे मी म्हणालो. आरंभी माझ्या आवाजात दोन वाक्ये, की अमुक निरूपणात प्रश्नानंतरचा विराम वक्त्याच्या इच्छेवरून वगळला आहे. बुवांनी यावर बराच वेळ विचार केला. असे सांगितले तर प्रत्येक श्रोता तेवढीच जागा शोधीत बसेल आणि बाकीचा अध्याय कोणी ऐकणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले असावे. ‘त्यापेक्षा राहू द्या ते,’ ते म्हणाले, ‘शेऱ्याने जेवढी वाच्यता होईल तेवढी गप्प बसण्याने व्हायची नाही.’